जड प्लेटच्या बाजूनं

आमच्या गावच्या स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकानं चिलखतं विकत घ्यावीत, या ठरावाला मी आधी विरोध केला. मग घ्यायचीच तर सगळ्यात भारी घ्या म्हणून हट्ट धरला. आणि शेवटी मत दिलं ते स्वस्त, जड चिलखतांच्या बाजूनं. तिन्ही वेळा मी सारख्याच ठामपणे बोललो होतो आणि पथकातली मंडळी त्याची आठवण करून द्यायला चुकत नाहीत. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी नाही, त्यांना मराठी येत नाही. आपल्या माणसांसाठी लिहितोय, कारण जे मत बदललं ते मी सांगलीहून सोबत आणलं होतं : जिवाशी गाठ असलेल्या वस्तूत काटकसर करायची नाही.

न्यू जर्सीतल्या बऱ्याच गावांत रुग्णवाहिका अजूनही स्वयंसेवक चालवतात. दिवसा कुणी विमा कंपनीत, कुणी शाळेत, माझ्यासारखे बरेच सॉफ्टवेअरमध्ये. रात्री आणि शनिवार-रविवारी पाळीनं गाडीवर. ईएमटीचा, म्हणजे आपत्कालीन उपचार करणाऱ्याचा, अभ्यासक्रम करून परीक्षा द्यावी लागते, पगार नसतो. पैसा येतो तो वर्गणीच्या पत्रांतून, पॅनकेकच्या न्याहारीतून आणि गावाच्या किरकोळ अनुदानातून. काम म्हणजे घरात पडलेले म्हातारे, छातीत दुखणं, साखर उतरणं, रूट वनवरचे अपघात. पोलिसांना जॅकेटच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारकडून मिळू शकतो, १९९८ पासून तशी योजना आहे. रुग्णवाहिकावाल्यांना ती लागू नाही. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक डॉलरवर चर्चा होते आणि खजिनदाराचा शब्द कॅप्टनच्या शब्दाइतकाच चालतो.

माझा पहिला आक्षेप दिसण्याबद्दल होता. रात्री दोन वाजता ज्यांच्या घरात आपण शिरतो, त्या आजीला छातीवर प्लेटा बांधलेला माणूस पाहून धीर येईल की धडकी भरेल? फोनवर आईला सहज सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, तू पेशंट उचलायला जातोस की लढाईला?” मला ते इतकं पटलं की बैठकीत मी तेच इंग्रजीत बोललो. दुसरा आक्षेप बाजाराबद्दल होता. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गंभीर गुन्ह्याची शिक्षा न झालेला कुणीही प्रौढ माणूस चिलखत विकत घेऊ शकतो, घरपोच मागवू शकतो. जाहिरातींत दाढीवाले पुरुष, कवट्या, झेंडे आणि जगबुडीची भाषा. शाळेच्या दप्तरात सरकवायच्या गोळीरोधक पाट्यासुद्धा विकतात. भीती विकणाऱ्या या दुकानात आपण पॅनकेकचे पैसे का घालायचे, असं मी विचारलं होतं. टाळ्या मिळाल्या होत्या, हेही सांगायला हवं.

पहिला आक्षेप गळून पडला तो कोलंबाइनचा सविस्तर वृत्तान्त वाचताना. २० एप्रिल १९९९. कोलोरॅडोतल्या त्या शाळेतल्या गोळीबारात डेव्ह सँडर्स नावाच्या शिक्षकांना गोळ्या लागल्या. विद्यार्थ्यांनी त्यांना एका वर्गात ठेवलं, अंगातले शर्ट काढून जखमा दाबून धरल्या, इथे एक माणूस रक्तस्रावानं मरतोय असा फलक खिडकीत लावला. पोलीस त्यांच्यापर्यंत पोचले ते तासांनंतर. रुग्णवाहिका बाहेर उभ्याच होत्या. त्या काळचा नियमच तसा होता : पोलिसांनी सगळी इमारत तपासून सुरक्षित जाहीर करेपर्यंत वैद्यकीय माणसांनी दूर थांबायचं. कोलंबाइननंतर पोलिसांनी आपला नियम बदलला. विशेष तुकडीची वाट न पाहता पहिले आलेले लोक आत घुसू लागले. आमचा नियम बदलायला मात्र आणखी बरीच वर्षं गेली. २०१२ च्या डिसेंबरात कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेतलं हत्याकांड झालं आणि पुढच्या वर्षी हार्टफर्डचे शल्यविशारद डॉ. लेनवर्थ जेकब्स यांच्या पुढाकारानं डॉक्टर, पोलीस, अग्निशामक एकत्र बसले. ‘हार्टफर्ड कन्सेन्सस’ म्हणतात ते हेच. त्याचा गाभा असा, की गोळीबार थांबवणं आणि रक्त थांबवणं ही कामं एकापाठोपाठ एक करायची नाहीत, एकमेकांना जोडून करायची.

त्यातून ‘रेस्क्यू टास्क फोर्स’ची पद्धत सगळीकडे पसरली. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीच्या अग्निशमन दलानं ती त्याआधीच आखली होती. जिथे बंदूकधारी प्रत्यक्ष आहे तो हॉट झोन, तिथे फक्त पोलीस. जिथून पोलीस पुढे गेले आहेत पण खात्री कुणालाच नाही तो वॉर्म झोन. तिथे दोन-चार पोलिसांच्या मधे दोन-तीन वैद्यकीय माणसं आत जातात, टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, बांधतात, जखमेत गॉज ठासतात आणि माणूस बाहेर काढतात. वॉर्म झोनमध्ये जायचं तर अंगावर चिलखत हवं, असं केंद्राच्या अग्निशमन प्रशासनानं २०१३ च्या मार्गदर्शिकेत लिहिलं. २०१८ साली अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संघटनेचं एनएफपीए ३००० हे मानक आलं, त्यातही तोच रोख. थोडक्यात, आमच्या पथकाला चिलखत नसेल तर आम्ही बाहेर उभे राहणार, १९९९ सालासारखे. आईचा प्रश्न चांगला होता. पण चिलखत नसलेला माणूस लढाईला जात नाही तसा पेशंट उचलायलाही जात नाही, हे त्यात धरलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला ईएमटी म्हणून पटली, ती कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. हातापायातून रक्त वाहत असेल तर ते मी थांबवू शकतो. तीसेक डॉलरचा टूर्निके मांडीवर आवळला, वेळ लिहून ठेवली, की तो माणूस शस्त्रक्रियेपर्यंत टिकण्याची चांगली शक्यता असते. काख, जांघ, मानेचा खालचा भाग, इथे गॉज ठासून दाबून धरता येतं. छातीच्या पिंजऱ्यात, हृदयाजवळच्या मोठ्या वाहिन्यांतून रक्तस्राव सुरू झाला तर रुग्णवाहिकेतल्या कुठल्याच वस्तूनं तो थांबत नाही. तिथे ऑपरेशन टेबलच लागतं. चिलखतातली प्लेट नेमकी तेवढीच जागा झाकते. साधी प्लेट दहा बाय बारा इंचांची असते, ए-फोर कागदाहून किंचित मोठी. पोट उघडं, खांदे उघडे, बाजू उघड्या. पूर्वी मला हे फसवणुकीसारखं वाटायचं. आता त्यात एक वैद्यकीय हिशेब दिसतो : ज्या जखमेवर रस्त्यात इलाज नाही, त्या जखमेपुरतं पोलाद किंवा सिरॅमिक, बाकीच्यांसाठी टूर्निके.

इथवर आल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. नव्यानं पटलेल्या माणसाचा उत्साह काय सांगावा! घ्यायचीच तर बोरॉन कार्बाइडची, अंगाला वळण घेणारी, दोन-सव्वादोन किलोची प्लेट घ्या. त्यावर नावाजलेल्या कंपनीचं कॅरियर, म्हणजे प्लेटा धरणारा अंगरखा, घ्या. असा पुढच्या-मागच्या प्लेटांचा संच हजार-बाराशे डॉलरच्या पुढेच जातो. आमच्या तरतुदीत असे जेमतेम तीन संच बसत होते. कॅप्टनबाईंनी एकच विचारलं : गाडी तर चौघांची, मग चौथ्यानं काय करायचं? मी म्हटलं, चौथा बाहेर थांबेल. त्या म्हणाल्या, चौथा म्हणजे कोण, ते तू ठरवणार का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण स्वस्त चिलखत या शब्दांची मला किळस होती, त्यामुळे मी हटलो नाही; उलट स्वस्त प्लेटा किती वाईट असतात ते सिद्ध करायला कागदपत्रं घेऊन बसलो. मत बदललं ते त्या कागदपत्रांनी.

आधी पोलादाचं सांगतो, कारण तिथे माझा जुना संशय खरा ठरला. बाजारातली सगळ्यात स्वस्त प्लेट पोलादाची. एआर ५०० नावाचं हे पोलाद मुळात घर्षण सोसण्यासाठी असतं. खाणीतल्या घसरगुंड्या, उत्खनकाच्या बादल्या, डंपरचं अस्तर यासाठी वापरतात, आणि नेमबाजीच्या मैदानावर निशाण म्हणून टांगतात. निशाणाला गोळी अडली, म्हणून ते अंगावरही चालेल, अशी त्यामागची विचारसरणी. गोळी अडते, हे खोटं नाही. पण कडक पोलादावर आपटलेली गोळी जागच्या जागी विरघळत नाही. तिचे तुकडे प्लेटच्या पृष्ठभागाला समांतर चारी बाजूंना उडतात. वरच्या दिशेला हनुवटी आणि गळा असतो, बाजूंना दंड. विक्रेते त्यावर रबरासारखा थर चढवून देतात, तो काही तुकडे धरून ठेवतो, जाड थर चढवला की वजन आणखी वाढतं. शिवाय जवळून, पूर्ण वेगानं आलेली एम १९३ ही एआर-१५ रायफलीतली अगदी साधी गोळी अशा पोलादातून आरपार जाऊ शकते. गळ्यातला रक्तस्राव म्हणजे काय ते ठाऊक असलेल्या माणसानं आपल्या गळ्याकडे तुकडे उडवणारी वस्तू छातीवर बांधावी, हे मला आजही पटत नाही. पोलाद बाद झालं, त्यावर कुणी वादही घातला नाही.

पॉलिथिलीनच्या प्लेटांच्या मात्र बरेच जण मोहात पडले. दूधपिशव्यांच्या प्लास्टिकचाच हा फार लांब साखळ्यांचा भाऊबंद. धागे एकाआड एक आडवेउभे रचून, दाबून प्लेट बनते. दीड किलोच्या आसपास वजन, पाण्यावर तरंगते. हीच प्लेट ती एम १९३ गोळी सहज अडवते. पण टोकात पोलादाचा तुकडा असलेली एम ८५५, हिरव्या टोकाची म्हणून ओळखली जाणारी, तिच्यातून निघून जाऊ शकते. म्हणजे पोलादाला जी जड जाते ती प्लास्टिकला हलकी, आणि प्लास्टिकला जी जड ती पोलादाला हलकी. दुकानातून दोन्ही गोळ्या सहज मिळतात. बंदूकधारी कुठली भरून आला आहे ते आपल्याला विचारून सांगत नाही. आणखी अडचण उष्णतेची. हा पदार्थ फार तापला की त्याची ताकद उतरते, आणि आमची चिलखतं राहणार होती ती जुलैच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या कप्प्यात.

उरलं सिरॅमिक. आणि इथे मला ते कळलं, जे खरं तर पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं : महाग प्लेट आणि स्वस्त प्लेट यांच्यातला फरक नेमका कशाचा?

अमेरिकेत चिलखताची मानकं ठरवते ती एनआयजे, म्हणजे न्याय खात्याची संशोधन संस्था. १९७२ पासून ती हे करते. बरीच वर्षं चाललेलं मानक २००८ चं, ०१०१.०६. त्यात लेव्हल तीनची प्लेट ७.६२ मिलिमीटरच्या सहा नाटो गोळ्या सोसते, सेकंदाला ८४७ मीटर वेगाच्या. लेव्हल चारची प्लेट .३०-०६ ची चिलखतभेदी गोळी सोसते, सेकंदाला ८७८ मीटर, पण हमी एकाच गोळीची. प्लेटमागे विशिष्ट मातीचा ठोकळा ठेवतात. गोळी अडली तरी मातीत ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा पडला तर प्लेट नापास. त्याआधी प्लेट दमट उकाड्यात ठेवतात, गार-गरम करतात, काँक्रीटवर पाडतात. २०२३ च्या नोव्हेंबरात नवं मानक आलं, ०१०१.०७, त्यात रायफलीच्या पातळ्यांना आरएफ १, २, ३ अशी नावं दिली आणि एम १९३, एम ८५५ या गोळ्याही चाचणीत घेतल्या. पोलाद आणि प्लास्टिक यांच्यातला तो लपंडाव त्यामुळे बराचसा संपला.

ही चाचणी सगळ्यांना सारखी. दीडशे-दोनशे डॉलरची लेव्हल चारची प्लेट आणि सहाशे-सातशे डॉलरची लेव्हल चारची प्लेट, दोघींवर तीच गोळी, तोच वेग, तीच माती. स्वस्त प्लेटमध्ये असतं अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड : पाण्याच्या जवळजवळ चौपट घनतेचं, पण बनवायला सोपं. सिलिकॉन कार्बाइड त्याहून हलकं आणि महाग. बोरॉन कार्बाइड सगळ्यात हलकं, घनता अडीच, आणि ते भट्टीत घट्ट करणं हे अवघड आणि खर्चिक काम. अॅल्युमिनाची प्लेट साडेतीन किलोच्या घरात जाते, बोरॉन कार्बाइडची अडीचच्या आत राहू शकते. जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः त्या एका किलोसाठी, आणि थोडे जाडी कमी करण्यासाठी. सुरक्षितता तीच. महागड्यासाठी इतका वेळ भांडणारा मी, जास्त संरक्षण विकत घेतोय असं समजत होतो. घेत होतो तो हलकेपणा.

हलकेपणा फालतू आहे असं नाही. बारा-बारा तास डोंगरात गस्त घालणाऱ्या जवानाला तो एक किलो म्हणजे गुडघे आणि पाठ. त्यानं महागच घ्यावी. आमच्या माणसाला चिलखत चढवायचं असतं अर्ध्या-पाऊण तासासाठी, तेही वर्षानुवर्षं वेळच येऊ नये अशी प्रार्थना करत. त्या पाऊण तासाच्या वजनासाठी चौथ्या माणसाला बाहेर उभं करणं मला पटेनासं झालं.

महाग आणि हलकं म्हणजे चांगलं, या समजुतीला सगळ्यात मोठा तडा मात्र प्लेटांच्या नव्हे, धाग्यांच्या मऊ जॅकेटांच्या इतिहासानं दिला. १९९० च्या दशकाच्या शेवटी झायलॉन नावाच्या जपानी धाग्याची जॅकेटं आली. केव्हलारपेक्षा पातळ, हलकी, महाग, पोलीस खूश. २००३ साली कॅलिफोर्नियात आणि पेन्सिल्व्हेनियात अशी जॅकेटं घातलेल्या पोलिसांच्या अंगात गोळ्या आरपार गेल्या. कॅलिफोर्नियातला तरुण अधिकारी दगावला. उष्णता आणि दमटपणा यांनी तो धागा कुजत होता. २००५ साली एनआयजेनं झायलॉनची मान्यता काढून घेतली. साधी, जाडजूड केव्हलारची जॅकेटं घालून कुरकुरणारे लोक त्या काळात जास्त सुरक्षित होते. २००८ च्या मानकात चाचणीआधी उकाडा आणि दमटपणा यांचा मारा आला तो या प्रकरणामुळे.

म्हणून काटकसर कुठे करायची नाही, तेही स्पष्ट झालं. चाचणीत. आणि बाजारातली खरी लबाडी तिथेच चालते. ‘लेव्हल थ्री प्लस’ अशी पातळी एनआयजेच्या मानकात कधीच नव्हती; तो विक्रेत्यांचा शोध, आणि प्रत्येकाचा प्लस वेगळा. ‘एनआयजेच्या पातळीनुसार तपासलेली’ आणि ‘एनआयजेनं प्रमाणित केलेली’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत कंपनीनं स्वतः एखादी प्लेट कुठेतरी नेऊन गोळ्या घातलेल्या असतात. दुसरीचं नाव संस्थेच्या यादीत असतं, आणि पुढेही कारखान्यातून अधूनमधून नमुने उचलून तपासतात. तिसरी मेख तीन अक्षरांची : प्लेटवर आयसीडब्ल्यू लिहिलेलं असेल तर ती एकटी पुरत नाही, मागे ठरावीक मऊ जॅकेट असेल तरच तिची पातळी खरी. स्वस्त दिसणारा बराच माल असा अर्धाच असतो. आमच्या यादीतून दोन आकर्षक सौदे यामुळेच बाद झाले आणि एकाच्या विक्रेत्यानं मला उर्मट उत्तरही दिलं.

कॅरियरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि हेही मला नवीनच होतं. प्लेट धरून ठेवणारा तो नायलॉनचा अंगरखा. गोळी तो अडवत नाही. शिवण मजबूत हवी, खांद्याचे पट्टे घसरता कामा नयेत, मागे ओढून नेण्यासाठी मूठ हवी, आणि आपलाच माणूस जखमी झाला तर झटक्यात उतरवता यावा. यापुढचे पैसे हौसेचे. रंगावर मात्र मी भांडलो आणि त्याचा मला आनंद आहे : छद्मरंग चालणार नाही. धूर, आरडाओरडा आणि बंदुका रोखलेले पोलीस यांच्यामधे चिलखत घातलेला अनोळखी माणूस कोण आहे ते अर्ध्या सेकंदात कळायला हवं. गडद निळा रंग आणि पुढे-मागे ठळक, चमकणाऱ्या अक्षरांत ‘ईएमएस’, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय सेवा. आईचा आक्षेप मी अशा रीतीनं थोडासा तरी मानला.

खरी गोष्ट अंगावर कशी बसते ती. कॅरियरचं माप प्लेटवरून ठरतं; पोट सुटलं म्हणून मोठी प्लेट लागत नाही. प्लेटची वरची कड छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेशी यायला हवी, गळ्याखाली बोट ठेवलं की जी खाच लागते तिथे. पहिल्यांदा घालून पाहिली तेव्हा जवळपास सगळ्यांनी ती पोटावर लोंबत ठेवली होती, कारण तशी ती सोयीची वाटते. म्हणजे जठर झाकलं आणि हृदय उघडं. आमच्या पथकात निम्म्याच्या आसपास बायका आहेत. एकाच दिशेनं वाकवलेली सपाटसर प्लेट त्यांच्या छातीवर नीट टेकत नाही, वरून पुढे येते, वाकलं की हनुवटीला लागते. त्यामुळे दोन्ही दिशांनी वळण असलेली प्लेटच घ्यायची, हा एक खर्च आम्ही वाढवला. मग घालून गुडघ्यावर बसणं, पुतळ्याच्या छातीवर सीपीआर करणं, जिन्यावरून स्ट्रेचर खुर्ची उतरवणं. सगळे घामाघूम झाले. सात-आठ किलो अंगावर असताना सीपीआर लवकर दमवतो, त्यामुळे माणसं आलटून पालटून बदलावी लागतात. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा आला : हलके तीन संच नकोत, जड जास्त संच हवेत.

या सगळ्यात माझ्या मनात सतत एक नाव होतं, ते बैठकीत कुणाला कळलं नसतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवरच्या हल्ल्यात, पोलीस अधिकारी हेमंत करकरे हेल्मेट आणि जॅकेट चढवताना टीव्हीवर दिसले. पुढे कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. मग करकऱ्यांचं ते जॅकेट हरवलं. त्यांच्या पत्नी कविता करकरे माहितीच्या अधिकारात विचारत राहिल्या, आणि बाहेर आलं ते इतकंच, की जॅकेटचा पत्ता नाही. निकृष्ट जॅकेट, सगळ्यात कमी दराची निविदा, हे शब्द तेव्हा घराघरांत बोलले गेले. स्वस्त चिलखताची माझी किळस तिथूनच आलेली आहे. करकऱ्यांना गोळ्या मान आणि खांद्याच्या भागात लागल्याचं शवविच्छेदनाच्या अहवालावरून सांगितलं गेलं. ती जागा जगातली कुठलीच छातीची प्लेट झाकत नाही. जॅकेट चांगलं होतं की वाईट, याचा निवाडा करायला जॅकेटच उरलं नाही. आज मला राग येतो तो कमी दराचा नाही. भारताचं स्वतःचं मानक, आयएस १७०५१, निघालं २०१८ साली, हल्ल्यानंतर दहा वर्षांनी. मानकच नसेल तर कमी दर आणि जास्त दर यांची तुलना कशाशी करणार? लष्कराच्या १,८६,१३८ जॅकेटांचा ६३९ कोटींचा करारही त्याच वर्षी झाला; मंजुरी २००९ ची. भागाकार केला तर जॅकेटमागे चौतीस हजार रुपये, तेव्हाच्या दरानं पाचशे डॉलर. आमच्या जड संचाची किंमत साधारण तेवढीच आली, तेव्हा मला का कोण जाणे बरं वाटलं.

बाजाराबद्दलचा दुसरा आक्षेप मी मागे घेतलेला नाही. १४ मे २०२२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोमध्ये सुपरमार्केटवर हल्ला करणाऱ्यानं चिलखत घातलं होतं. तिथले सुरक्षारक्षक, निवृत्त पोलीस आरन सॉल्टर यांनी त्याच्यावर नेमकी गोळी झाडली, ती चिलखतानं अडवली आणि सॉल्टर मारले गेले. त्यानंतर न्यूयॉर्कनं ठरावीक पेशांखेरीज इतरांना चिलखत विकण्यावर बंदी घातली. हडसन ओलांडून आमच्याकडे अशी बंदी नाही. मी ज्या दुकानांतून भाव मागवले त्यांनीच अशा माणसांनाही माल विकला असणार, ही बोच मी बैठकीत बोलून दाखवली. कुणी काही म्हणालं नाही; खजिनदारानं पुढचा विषय घेतला.

आणि प्लेट सगळ्यावर उतारा नाही. अमेरिकेत गोळी लागून माणसं जास्त मरतात ती पिस्तुलानं; आमच्या लोकांना रोजच्या कॉलवर भीती असते चाकूची, दारूच्या नशेतल्या मुठीची, फार तर पिस्तुलाची. तिथे गाडीच्या कप्प्यातली साडेतीन किलोची प्लेट काय कामाची? शिवाय बहुतेक प्लेटांची हमी पाच वर्षांची असते. तोवर नव्या प्लेटांसाठी दर वर्षी थोडे पैसे बाजूला टाकायचे, असं ठरलं आहे. वर्षातून एकदा प्रत्येक प्लेट बाहेर काढून कडा, कोपरे, आवरण तपासायचं, आपटलेली असेल तर बाद करायची. सिरॅमिकला आतून तडा गेला तर बाहेरून दिसेलच असं नाही.

रोजच्या पाळीत शर्टाखाली घालायच्या मऊ जॅकेटांचा ठराव पुढच्या बैठकीत येतोय. ती आठ-आठ, बारा-बारा तास अंगावर राहणार; जड असली तर लोक दुसऱ्या आठवड्यात काढून गाडीत टाकतील. तेव्हा तिथे मी हलक्या, म्हणजे महाग मालाच्या बाजूनं बोलणार आहे. खजिनदाराला हे अजून सांगितलेलं नाही.